उदगीर, पानिपत आणि आपल्या बाकावरचा फौजी



संपादक मंडळाचा निरोप आला, "तू इतिहासाचा मास्तर, काहीतरी इतिहासाचं लिही." शाळेचा इतिहास इतर दोघांनी लिहायला घेतला आहे, त्यामुळे त्या वाटेला मी जात नाही. मी थंडीवर लिहिणार आहे. हसू नका. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणाऱ्या नांदेड-लातूरच्या माणसाने थंडीवर काय लिहावे, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या दिवाळीत आपल्या १९८४ च्या दहावीच्या गटावर काय ठरले ते आठवा. जानेवारीत लेहला जायचे, जमले तर गोठलेल्या झांस्कर नदीवरून चालायचे, ज्याला 'चादर' म्हणतात ते. बघता बघता तेवीस जणांनी अंगठे वर केले. त्यात दोघांना मधुमेह, तिघांना रक्तदाब आणि एकाच्या हृदयात स्टेंट. अंगठा वर न करणारा एकच होता, आणि वर्षभर बर्फात राहिलेलाही आपल्यात तोच एक आहे. त्याने एवढेच लिहिले, "आधी भेटू. मग बोलू."

त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी उदगीरला जाऊ या.

नववीची सहल आठवते का? जानेवारी १९८३. लाल एसटीच्या अर्ध्या खिडक्या बंद होत नव्हत्या आणि मुखेडच्या पुढे गेल्यावर सगळ्यांना हिव वाजायला लागले. सरांनी ड्रायव्हरला विनंती करून गाडी थांबवली, रस्त्याकडेची तुराट्या-पऱ्हाट्या गोळा करून शेकोटी केली. उदगीरच्या किल्ल्यात बुरुजावर उभे राहून सरांनी सांगितले की याच भागात ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. लढाईचे खरे रण उदगीरपासून औशापर्यंत पसरलेले होते. दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर, असिरगड, विजापूर असे किल्ले आणि साठ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या. पुढचे वाक्य सर हळू आवाजात बोलले, "आणि इथूनच ते पानिपतला गेले."

ते वाक्य मी तेव्हा ऐकले आणि विसरलो. पुढे अठ्ठावीस वर्षे वर्गात पानिपत शिकवताना कारणांच्या यादीत 'अन्नधान्याचा तुटवडा व थंडी' हे मी पाचव्या क्रमांकावर लिहून देत आलो. दोन गुणांचे उत्तर. थंडी म्हणजे काय, हे मलाच ठाऊक नव्हते.

आता हिशेब मांडून बघा. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी दक्षिणेत आली आणि मार्च १७६० मध्ये परतूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातून, फौज उत्तरेकडे निघाली. महिना चैत्राच्या तोंडाचा. अंगावर सुती अंगरखे, डोक्याला मुंडासे. बरोबर बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त. मार्चमध्ये आपल्या भागातून निघणारा माणूस घोंगडी घेऊन निघत नाही. बेत असा होता की मोहीम लवकर उरकेल. पण वाटेत पावसाळा लागला, यमुना फुगली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण शत्रू नदीच्या पलीकडे राहिला. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला आणि तिथले धान्य मिळाले, तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मधे आला. दिल्लीची वाट बंद झाली. नोव्हेंबरपासून फौज पानिपतला खंदकाआड अडकली, ती १४ जानेवारी १७६१ च्या बुधवारपर्यंत.

अडीच महिने. आणि ते अडीच महिने नेमके कोणते, ते बघा. मार्गशीर्ष-पौषातले. हरियाणातली थंडी काही हिमालयातली नव्हे. रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर जातो, दाट धुके पडते, दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. एवढी थंडी माणूस सहज सोसतो, पण त्याच्या पोटात भाकरी, अंगावर लोकर आणि समोर विस्तव असेल तर. मराठ्यांच्या छावणीत तिन्ही संपत गेले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. चारा नाही, तर घोडी मरू लागली. जळण नाही. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला माणूस, त्याने दुसऱ्या बाजूने सगळे डोळ्यांनी पाहिले. रात्री लाकूडफाटा आणायला खंदकाबाहेर पडलेले मराठ्यांचे नोकरचाकर अफगाण स्वारांनी कसे कापून काढले, हे त्याच्या वृत्तांतात आहे. लाकडासाठी! ज्याला रात्री विस्तवाशिवाय झोपायचे नाही, तोच असा जीव धोक्यात घालून बाहेर पडतो.

समोरच्या फौजेकडे पोस्तीन होते. मेंढीचे कातडे लोकरीची बाजू आत करून शिवलेला हा डगला अफगाणांचा रोजचा पोशाख. त्यांना थंडी माहीत होती, थंडीतच ते वाढले होते. माणूस कुडकुडतो तेव्हा शरीर आतले इंधन जाळून ऊब तयार करत असते. उपाशी माणसाकडे जाळायला काही उरत नाही. म्हणून थंडी आणि भूक ही दोन वेगळी कारणे नव्हेतच. मी वर्गात ती 'व' लावून जोडत होतो, पण ते एकच कारण आहे. पानिपत थंडीने हरले असे मी म्हणणार नाही. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी आणि हुजुरातीने जे केले, त्यावर आजही विश्वास बसत नाही. पण अडीच महिने कुडकुडलेली, उपाशी माणसे आणि त्याहून उपाशी घोडी घेऊन ते लढले, हे दोन गुणांच्या उत्तरात बसत नाही.

इथे आपल्या भागाचे एक दुर्दैव सांगतो. आपण कापसाची माणसे. नांदेडला उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर घड्याळे लावली जायची, 'नांदेड-४४' हे वाण आपल्याच संशोधन केंद्राचे. सूत उन्हाळ्यात देवासारखे. पण थंडीत सूत दगा देते. घामाने किंवा बर्फाने भिजले की ते पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब ओढून घेते. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब राखते. धनगराच्या घोंगडीला आपण गावठी म्हणून नाके मुरडली, पण पावसात रात्रभर मेंढरांमागे फिरणाऱ्याला तिची किंमत कळते.

पानिपतानंतर दोनशे वर्षांनी नेमकी हीच चूक पुन्हा झाली, हे सांगताना आजही चीड येते. १९६२. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते, त्यांनी १९५९ मध्येच चीनच्या बाजूने काय होऊ शकते याचा आराखडा वर पाठवला होता. तो बाजूला पडला. आणि २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चूच्या काठावर जे जवान उभे होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला येथे १३ कुमाऊंची एक कंपनी मेजर शैतानसिंगांच्या हाताखाली सोळा हजार फुटांवर लढली. सुमारे १२० जणांपैकी ११४ गेले. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांचे देह सापडले, तेव्हा ते मोर्चातच गोठलेले होते, काहींच्या हातांत शस्त्रे तशीच.

यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, हे आपण पाठ केलेले. त्या हिवाळ्यात देशभर बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर, कानटोप्या, हातमोजे विणले. आपल्या शिवणाच्या बाई तेव्हा शाळकरी होत्या. त्या सांगायच्या की आमच्या गावात लोकर विणायला कुणालाच येत नव्हते. एका पोस्टमास्तरांची बायको पुण्याकडची होती, तिने पाच जणींना शिकवले आणि पहिली कानटोपी इतकी मोठी झाली की ती बाईंच्या वडिलांच्या पगडीवरून बसली. बाई हसत सांगायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या. त्या का गप्प होत, ते मला आत्ता कळते.

१९६२ च्या गडबडीत अजून एक गोष्ट घडली, ती लष्कराच्या इतिहासापेक्षा वैद्यकाच्या इतिहासात जास्त गाजली. मैदानातल्या पलटणी विमानाने थेट अकरा हजार फुटांच्या वर नेऊन उतरवल्या गेल्या. धडधाकट तरुण पोरे दोन-तीन दिवसांत डोकेदुखी, ओकारी, धाप यांनी आडवी झाली, काहींच्या फुप्फुसांत पाणी भरले, काही दगावली. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदींचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीचा आजार जगाला नीट समजला त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. त्यातून सैन्याचा नियम पक्का झाला: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस थांबायचे. पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. जनरल असो की जवान. माणसाच्या रक्ताला विरळ हवेची सवय व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. पैलवानाला कमी लागतो असे नाही. उलट पैलवान जोरात चढतो आणि आधी पडतो.

आता १९८४. मार्चमध्ये आपण दहावीचे पेपर दिले आणि एप्रिलमध्ये आंब्याच्या झाडाखाली पत्ते कुटत होतो. १३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, चार कुमाऊंच्या जवानांना हेलिकॉप्टरने सियाचीनवरच्या बिलाफोंड ला खिंडीत उतरवले. पहिल्या तुकडीचे नेतृत्व कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्याकडे होते. बर्फातले खास कपडे परदेशातून आले ते अगदी आदल्या दिवशी. उतरल्यावर तीन दिवस हिमवादळ. शत्रू आलाच नव्हता, तरी एक जवान गेला आणि बहुतेकांना हिमदंश झाला. त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत देशाचे संरक्षणमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. सियाचीनचा पहिला हिवाळा उभा राहिला तो जायकवाडीच्या शंकररावांच्या कारकिर्दीत! आणि त्याआधी १९८० ते ८२ संरक्षण राज्यमंत्री होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. गोदाकाठ आणि बालाघाटाचा बर्फाशी एवढा संबंध आहे, हे मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

आपला फौजी तिथे गेला तो १९९३ च्या सप्टेंबरात. शेवटच्या बाकावर बसायचा, खो-खोत सुळकी मारायचा, तोच. त्याचे नाव लिहू नको असे त्याने बजावले आहे. तो वरच्या चौकीकडे निघायच्या तयारीत असताना ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. वायरलेसवर एवढेच कळले की लातूर गेले. घरचे पत्र मिळायला तीन आठवडे लागले. तोवर हा माणूस दोरीला बांधून बर्फात चालत होता.

त्या हिवाळ्यात मी इकडे होतो. नवीन नोकरी, वर्गातली वीस मुले घेऊन आठ-आठ दिवस भूकंपग्रस्त गावांत जायचो. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहत. दिवसा तापलेला पत्रा रात्री बर्फासारखा. देशभरातून ब्लँकेटे आली होती, एकेका माणसावर तीन-तीन. तरी म्हातारी माणसे रात्रभर कण्हत. एका आजीने मला शहाणे केले. त्यांनी अंगावरचे एक ब्लँकेट काढले, खाली रिकाम्या पोत्यांचा आणि कडब्याचा थर अंथरला, त्यावर ते ब्लँकेट टाकले. म्हणाल्या, "बाळा, हिव वरून येत न्हाई, भुईतून येतंय." दुसऱ्या दिवसापासून आम्ही ब्लँकेटे वाटायचे थांबवून पोती आणि कडबा गोळा करू लागलो. पुढे फौजीला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, आम्हाला शिकवतात ते पहिले हेच. पाठीखाली जाड हवे. गाठ बर्फाशी आहे, हवेशी नंतर.

त्याच्याकडून ऐकलेले थोडे लिहितो. वर जाण्याआधी हिमनदीच्या पायथ्याच्या शाळेत बर्फावर चालणे शिकवतात. दोर बांधूनच चालायचे, कारण वर भुसभुशीत बर्फ आणि खाली शंभर फुटांची भेग असू शकते. घाम येईल असे काम करायचे नाही. घाम हातमोज्यात गोठतो आणि बोट जाते. उघड्या हाताने लोखंडाला शिवायचे नाही, कातडी चिकटून निघते. भूक लागत नाही, तरी खायचे. तहान लागत नाही, तरी बर्फ वितळवून पाणी प्यायचे. संत्रे क्रिकेटच्या चेंडूसारखे होते. रात्री आळीपाळीने उठून तंबूवरचे बर्फ फावड्याने ओढायचे, नाहीतर सकाळी तंबू गाडलेला. केरोसीनचा स्टोव्ह पेटलेला असताना हवेची वाट उघडी ठेवायची. हे शेवटचे आपल्यालाही लागू आहे. कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशी बातमी दर काही वर्षांनी आपण वाचतो. त्या वायूला वास नसतो.

आणि जोडीदार. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला. त्याचे नाक, कान, गाल पांढरे पडले का हे आपण बघायचे, कारण स्वतःचे नाक स्वतःला दिसत नाही. गोठलेली जागा दुखत नाही, हाच धोका. चोळायची नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. पुन्हा गोठणार नसेल तरच कोमट पाण्यात धरायची. जोडीदार अडखळत बोलू लागला, उगीच चिडू लागला, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याचे काही ऐकायचे नाही. खाली उतरवायचे. "तो म्हणतोच, मला काही झालं नाही. सगळे तेच म्हणतात." फौजीच्या डाव्या पायाची दोन बोटे नाहीत. शाळेत सगळ्यात जोरात धावणाऱ्या पायाची. त्या रात्री त्याच्या जोडीदाराने त्याचे ऐकले नाही म्हणून तो आज आपल्यात आहे.

एवढे करूनही ते पुरते असे नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, १९ मद्रासचे दहा जण गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक होता. धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ तारखेला दिल्लीत गेले. सियाचीनवर आतापर्यंत आठशेंवर जवान गेले, त्यांत गोळीपेक्षा हवामानाने गेलेले जास्त.

माझी स्वतःची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघे शिक्षक केदारनाथला गेलो. ज्यांच्यामार्फत गेलो त्यांनी एका दिवसात वर नेले. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांच्या पुढे. सकाळी आपण खाली घामेजलेले, संध्याकाळी तिथे. सुती शर्ट, वर पातळ जर्किन, ते पावसात भिजले. रात्री डोके फुटेल असे दुखू लागले, ओकाऱ्या झाल्या. मी म्हणत होतो, "ॲसिडिटी आहे, झोपलो की बरे वाटेल." मी पानिपत शिकवणारा माणूस! बरोबरच्या एका बाईंनी ऐकले नाही. पहाटेच खाली उतरवले. दोन-तीन हजार फूट उतरलो आणि डोके असे थांबले, जणू कुणी बटन दाबले.

तिथे एक गोष्ट मनात राहिली. केदारनाथची दारे भाऊबीजेला बंद होतात, देवाची उत्सवमूर्ती पालखीतून खाली उखीमठला येते आणि सहा महिने पूजा तिथेच होते. नांदेडचे शीख बांधव ज्या हेमकुंडाला जातात, त्याचेही तसेच. पंधरा हजार फुटांवरचा तो गुरुद्वारा बर्फ वितळेपर्यंत उघडत नाही. देवसुद्धा हिवाळ्यात खाली उतरतो आणि आपले तेवीस अंगठे जानेवारीत वर!

तर, भेट झाली. मागच्या महिन्यात लातूरला फौजीच्या घरी आम्ही सहा जण जमलो. त्याने आधी सगळ्यांची औषधांची यादी लिहून घेतली. मग म्हणाला, "मास्तर, तू पोरांना पानिपत शिकवलालास आणि जानेवारीतच निघालास व्हय?" स्टेंटवाल्याला त्याने डॉक्टरांची लेखी परवानगी आणायला सांगितले आहे. चादरीचे नाव कुणी काढले नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे. लेहला उतरल्यावर दोन दिवस खोलीबाहेर पडायचे नाही, पत्ते खेळायचे, पाणी प्यायचे, दारूचे नाव नाही. खारदुंग ला सहाव्या दिवशी, तेही सगळे ठीक असतील तर. आणि वर पंधरा मिनिटांच्या वर थांबायचे नाही. प्रत्येकाचा जोडीदार त्याने ठरवला आहे, यादी या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापायला दिली आहे. माझा जोडीदार तोच. कुणाला बदल हवा असेल तर त्याला फोन करावा, मला नाही.